उद्याचं पान

भाऊ येणार म्हणून मधलीने सकाळीच बैठकीच्या खोलीला नवे पडदे लावले आणि ताईने ते लगेच उतरवायला लावले.

"पाहुणा आहे का तो?" ताई म्हणाली. "त्याचंच घर आहे. जुने राहू देत."

मधलीने पडदे उतरवले, पण उतरवताना इतकी आदळआपट केली की खालच्या छापखान्यात मशीन सुरू झाल्यासारखं वाटलं. रविवार होता, मशीन बंद होतं. वर्षातून एका रविवारी हे घर असं जमायचं. खाली कागदाची रिमं रचलेली, वर मोठ्या टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग आणि टेबलाभोवती घरातली सगळी माणसं. पूर्वी इतकी माणसं असायची की शेजारून खुर्च्या मागाव्या लागत. आता खुर्च्या उरत होत्या.

या तिघा भावंडांच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, काढलेलं कॅलेंडर रोज एक पान फाडायचं होतं. पुढे तारीख, मागे इतिहासातली एखादी गंमत. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्यात, पोलीस चौकीत ते टांगलेलं असे आणि पान फाडलं की माणसं आधी ते उलटं करत. कुठली गोष्ट घ्यायची हे ठरवायची नानांची पद्धत मात्र जगावेगळी होती. त्यांच्या बायकोला रिकामे हात बघवत नसत. गोष्टी ऐकायच्या तर मटार सोलत ऐका, असा तिचा हुकूम होता. पहिल्याच बैठकीत नानांच्या लक्षात आलं की गोष्ट खरोखर रंगली की सोलणाऱ्यांचे हात आपोआप थांबतात. तेव्हापासून तोच नियम झाला. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी सोलायचं, हात थांबले तर गोष्ट पास. नाहीच थांबले तर मटार तरी सोलून होतात, असं नाना म्हणत.

नाना गेल्यावर त्यांची खुर्ची ताईकडे आली. इतकी वर्षं तिने ती एकटीने सांभाळली. पण या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. समोर बघितलं की तिला कडा दिसत, मधलं दिसत नसे.

"म्हणजे मीच दिसत नाही, म्हण की," मधली म्हणाली होती आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली होती.

ताईला कुणाची कीव नको होती, तिला माणूस हवा होता. वाचणारा, निवडणारा, कुठे कात्री लावायची ते कळणारा. तसा माणूस या घरात एकच जन्मला होता आणि तो दुसऱ्या गावात लोकांच्या दाढा काढत बसला होता. म्हणून तिने भावाला फोन केला. फार बोलली नाही. "मला दिसेनासं झालंय. कदाचित शेवटची बैठक असेल. ये," एवढंच म्हणाली. मग भाऊ म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीने परत निघेन." ताईने त्याला होकार समजून फोन ठेवला.

*

ताईचा मुलगा छापखाना चालवायचा. कामगारांपासून घरच्यांपर्यंत सगळे त्याला मॅनेजर म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असते हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या खिशात त्या दिवशी एक प्रस्ताव होता. गावातला टाइल्सवाला कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू वर्षभरासाठी घ्यायला तयार होता. रोज एका नव्या टाइलचं चित्र.

"आई, कागद येऊन पडलाय. मला आज उत्तर हवं," तो म्हणाला.

"टाइल बघून कुणाचे हात थांबणार आहेत रे?" मधलीने विचारलं.

"मावशी, हात थांबण्यावर पगार होत नाहीत. आणि या असल्या गमती फोनवर फुकट मिळतात. ढिगाने."

तो वाईट मुलगा नव्हता. छापखान्यातल्या प्रत्येक कामगाराच्या घरी किती खाणारी तोंडं आहेत हे त्याला पाठ होतं. पण या बैठकीवर त्याचा राग होता आणि त्याचं कारण त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. लहानपणापासून दरवर्षी तो एक गोष्ट तयार करून आणायचा आणि दरवर्षी सगळे शांतपणे सोलत राहायचे. एकदाही, कुणाचाही हात थांबला नाही. आईचासुद्धा नाही. शेवटी त्याने सांगणंच सोडून दिलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि भाऊ आत आला.

केस पांढरे झाले होते. हात मात्र तसेच होते, लांब बोटांचे आणि काळजी घेतलेले. दारात उभं राहून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मधलीने ते पाहिलं. ताईला दिसलं नाही, पण तिला ते न दिसताही कळलं.

"बस. शेंगा ओढ पुढे," ताई म्हणाली. "हातपाय धुतलेस का?"

"धुतले," भाऊ म्हणाला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला. परक्या घरी माणूस बसतो, तसा.

*

मधलीने सुरुवात केली. तिचं केस कापण्याचं दुकान होतं, तिला बोलायचा सराव होता.

"एका देशात गव्हाच्या शेतांत पक्षी घुसले. माणसाएवढे उंच, उडता न येणारे. शेतकऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली. सरकारने काय करावं? मशीनगन घेऊन शिपाई पाठवले. रीतसर मोहीम! वर एक मेजर. शिपायांनी नेम धरला की पक्षी पांगायचे. गाडीवर बंदूक चढवून पाठलाग केला, तर गाडीपेक्षा पक्षीच जोरात. गोळ्या संपत आल्या, पक्षी काही संपेनात."

"मग?" ताईच्या सुनेने, मॅनेजरच्या बायकोने विचारलं. ती या घरात नवी होती, ही तिची पहिलीच बैठक.

"मग काय, शिपाई परत गेले. पक्षी जिंकले."

सुनेच्या हातातली शेंग अर्धी उघडी राहिली होती. "थांबले!" मधली ओरडली. "पास!"

भाऊ सोलत होता. एकसारखा, सफाईने, एकही दाणा न सांडता.

मग ताईने तिची गोष्ट सांगितली. "गावोगावची घड्याळं मागेपुढे चालायची, तेव्हाची गोष्ट. एक बाई होती, ती वेळ विकायची. वेधशाळेत जायची, तिथल्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून घ्यायची आणि शहरभर हिंडायची. दुकानदार तिच्या घड्याळात बघून आपलं लावून घ्यायचे आणि त्याचे पैसे द्यायचे. आधी बाप हा धंदा करायचा, मग आई, मग ती. पुढे तारेवरून वेळ मिळायला लागली. स्वस्त आणि बिनचूक. सगळ्यांना वाटलं, बाईचा धंदा बसला."

"आणि?" सुनेने विचारलं.

"गिऱ्हाइकं सुटली नाहीत. तिच्याकडूनच घेत राहिली," ताई मॅनेजरच्या दिशेने मान वळवून म्हणाली. "फोनवाल्यांनी ऐकलं ना?"

मॅनेजरने कपाळाला हात लावला. त्याचा हात थांबल्याचं मधलीने जाहीर केलं. तो म्हणाला, हे मोजायचं नाही, मी वैतागून थांबलो होतो. यावर दोघांची चांगलीच जुंपली. भाऊच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं आणि विरून गेलं.

"तू सांग की रे एखादी," ताई म्हणाली.

"मी ऐकायला आलोय."

ताईच्या मनात जुनाच राग वर आला. एवढी वर्षं झाली, नाना गेले, तरी याच्या मनातली अढी जात नाही. तीही कशावरून, तर ज्या गोष्टीत त्याचा मानच राखला होता तिच्यावरून. माणसाने किती कोत्या मनाचं असावं? तिला हे कधी कळलंच नव्हतं.

*

भाऊला त्या टेबलाशी बसून वेगळंच आठवत होतं.

दाताच्या डॉक्टरची पाटी लावून फार दिवस झाले नव्हते. शाळेचे मुख्याध्यापक दाढ दुखते म्हणून आले आणि त्याने शेजारची, चांगली दाढ काढली. ते त्याच्या लगेच लक्षात आलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्याने त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, "सर, चुकलं माझं. चांगली दाढ गेली." घरी येऊन तो जेवणाच्या ताटावर रडला. नाना ताटावरून उठले. खाली छापखान्यात निघून गेले.

त्यानंतर नवं वर्ष लागलं, प्रकरण विझत आलं. आणि एका सकाळी दवाखान्यात एक ठेकेदार भिंतीवरचं पान फाडून मोठ्याने वाचू लागला. एका राजाची दाढ दुखत होती, नव्या वैद्याने भलतीच दाढ काढली. बाकड्यावर बसलेले लोक ओळखीचं हसले. ठेकेदाराला हसू आवरेना, त्याने पान दुमडून खिशात घातलं. गावात प्रत्येक भिंतीवर तेच पान होतं. सख्ख्या बापाने त्याची फजिती छापून घरोघरी वाटली होती. भाऊने दवाखान्याला कुलूप घातलं आणि त्याच संध्याकाळी गाव सोडलं. नानांच्या शेवटच्या आजारातसुद्धा तो आला, बसला आणि एक अक्षर न बोलता गेला. त्याच्या घरात कॅलेंडर नव्हतं. तारीख तो वर्तमानपत्रात बघायचा.

"आता माझी पाळी ना?" सून म्हणाली.

ती बसस्टँडवर घोषणा द्यायची. आवाज स्वच्छ होता, दूरवर जाणारा. तिने पदरात पडलेले दाणे वाडग्यात टाकले, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.

"एका राजाची दाढ दुखत होती."

मधलीचा हात थांबला. ताईचा थांबला. भाऊचासुद्धा थांबला.

सुनेला आनंद झाला. अजून गोष्ट रंगलीही नव्हती! ती जरा ताठ बसली.

"राजाचा वैद्य नवा होता, कोवळा पोर. दरबार भरलेला, सगळे बघताहेत. त्याचे हात थरथरायला लागले."

मधली खोकली. मग तिने टेबलाखालून सुनेला लाथ मारली, ती लागली मॅनेजरला.

"आई गं! काय झालं मावशी?"

"काही नाही. पायाला मुंग्या आल्या."

सून थांबायला तयार नव्हती. असे गोठलेले श्रोते तिला बसस्टँडवर कधीच मिळाले नव्हते. "वैद्याने चिमटा लावला, सगळा जोर करून दाढ काढली आणि राजाच्या हातावर ठेवली. राजाने जीभ फिरवून पाहिली आणि म्हणाला, 'वैद्यराज, दुखणारी अजून तोंडातच आहे.'"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. भाऊ उठून उभा राहिला होता.

"माहीत आहे मला ही गोष्ट," तो म्हणाला.

"अय्या, हो? मग शेवट तुम्हीच सांगा ना, मामा. मला शेवटाला नेहमी रडू येतं."

"झाला की शेवट."

"झाला कुठे?" सून हसली. "खरी गोष्ट तर पुढेच आहे."

ताईने मान वर केली. भाऊचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण त्याचा श्वास ऐकू येत होता. भाऊ उभाच होता. सुनेने ती परवानगी समजली.

"दरबारातले म्हातारे वैद्य पुढे झाले. म्हणाले, 'महाराज, वेदना कधीकधी या दाढेतून त्या दाढेत सरकते, यात वैद्याचा दोष नाही.' सगळ्यांनी माना डोलावल्या. तो पोरगा गप्प राहिला असता तर सुटला असता. पण तो राजासमोर येऊन म्हणाला, 'महाराज, वेदना कुठे सरकली नाही. माझंच चुकलं. चांगली दाढ गेली.' दरबार चिडीचूप. राजाने काय केलं असेल?"

सून टेबलावर पुढे झुकली.

"राजाने पुन्हा तोंड उघडलं. म्हणाला, 'आता दुखणारी काढ.' प्रधान म्हणाला, 'महाराज, पुन्हा याच्याकडून?' राजा म्हणाला, 'ज्याला आपली चूक दिसते, त्याच्या हातात चिमटा असू दे. न दिसणारे माझ्याभोवती पुष्कळ आहेत.' आणि मरेपर्यंत त्याने दुसऱ्या कुणाला तोंडाला हात लावू दिला नाही." सुनेचे डोळे खरंच भरले होते. "माझी आई सांगायची. आमच्याकडे कुणी काही फोडलं, सांडलं की ती म्हणायची, 'वैद्यासारखं सांग बघू.' की आम्ही सांगून टाकायचो. मार नाही मिळायचा."

*

"हे कुठून आलं?" भाऊने विचारलं.

"कुठून म्हणजे? दुसऱ्या दिवशीच्या पानावरून," ताई म्हणाली.

"कुठलं दुसरं पान?"

ताईला आधी वाटलं, हा मुद्दाम विचारतोय. मग त्याचा आवाज तिच्या कानात शिरला. लहानपणी अंधारात घाबरून हाक मारायचा तो आवाज.

"पहिल्या पानाच्या खाली छापलं होतं," ती सावकाश म्हणाली. "'पुढचं उद्याच्या पानावर.' एका पानात एकच गोष्ट हा नानांचा नियम, तोही त्यांनी तुझ्यासाठी मोडला. त्यांनी स्वतः रचलेली ती एकच गोष्ट. बैठकीतही आणली नाही, थेट छापली. म्हणाले, 'लोकांना एक दिवस थांबू दे, शेवट जास्त गोड लागेल.'"

"मी त्याच संध्याकाळी गेलो."

"हो रे. ते माहीतच आहे. पण मला वाटलं... आम्हाला सगळ्यांना वाटलं, कुठेतरी वाचलं असशील. गावभर होतं ते पान."

"माझ्या समोर कुणी धरलं नाही ते." भाऊ खाली बसला. "मला वाटलं, तुम्ही सगळे हसलात."

"हसलो होतोच," मधली म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. "पहिल्या दिवशी मी तर पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी रडले. तू एकच दिवस थांबला असतास ना, मेल्या!"

"आणि नाना?"

ताईने समोरचा वाडगा बाजूला सारला. "नाना म्हणायचे, 'शेवट वाचूनही तो गेला असेल, तर आता मी आणखी काय लिहू?'"

भाऊने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडला. आवाज दाबून नव्हे, चांगला मोठ्याने, वयाची लाज न बाळगता. इतक्या वर्षांचा राग एका वाक्यात निघून गेला होता आणि त्याच्या जागी काय ठेवायचं ते त्याला कळत नव्हतं. सून घाबरून नवऱ्याकडे बघू लागली. मॅनेजरने तिच्या कानात थोडक्यात सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"मुख्याध्यापक आले होते," ताई पुढे सांगू लागली, कारण काहीतरी बोलत राहणं भाग होतं. "दुसरं पान वाचून, सकाळीच. गाल पुन्हा सुजलेला. म्हणाले, 'डॉक्टरांना बोलवा, दुखणारी काढायची आहे.' म्हटलं, तो गेला. तर म्हणाले, 'मग मी थांबतो.' किती दिवस तो गाल घेऊन हिंडले, दुसऱ्या कुणाकडे जायला तयारच नव्हते! शेवटी त्यांच्या बायकोने नानांना दम भरला."

भाऊ रडता रडता हसला. मग मधलीही हसली, आणि मग सगळेच. टेबलावर शेंगा तशाच पडून होत्या.

*

चहा झाल्यावर मॅनेजरने घसा खाकरला. हसण्यारडण्यात कागदाचा प्रश्न सुटला नव्हता आणि तो काढणं त्याच्याच नशिबी होतं.

"आई, गोष्ट मलाही आवडली. खरंच. पण वर्षभराच्या गोष्टी निवडणार कोण? तू वाचू शकत नाहीस. मावशीला सगळ्याच आवडतात."

"त्यात काय वाईट?" मधली म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता.

सगळ्यांनी भाऊकडे पाहिलं. भाऊने दाराजवळच्या आपल्या पिशवीकडे पाहिलं.

"माझी संध्याकाळची गाडी आहे," तो म्हणाला.

ताईने एक शेंग घेतली आणि बोटांनी चाचपत सोलली. आज तिला निदान भाऊ परत मिळाला होता. त्याच दिवशी कॅलेंडरही मागणं म्हणजे हावरटपणा, असं तिने स्वतःला समजावलं. तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

भाऊ थोडा वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग भाच्याला म्हणाला, "तू का नाही सांगितलीस एकही?"

"माझ्याने कुणाचे हात थांबत नाहीत, मामा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? दरवर्षी दिसत होतं की."

हे तो हसत म्हणाला, पण बायकोने त्याच्याकडे चमकून पाहिलं. ताईच्या हातातली शेंग खाली पडली. तिने इतकी वर्षं फक्त गोष्टी तपासल्या होत्या, सांगणाऱ्या मुलाकडे पाहिलं नव्हतं.

"आत्ता सांग एखादी," भाऊ म्हणाला. "सोला रे सगळे."

मॅनेजर चुळबुळला. "पूर्वी गजराची घड्याळं घरोघरी नव्हती, तेव्हा कामगारांना उठवायला पैसे देऊन माणसं ठेवायचे. एक बाई नळीतून वाळलेले वाटाणे फुंकून खिडकीवर मारायची."

सगळे सोलत राहिले.

"बघितलंत?" तो म्हणाला.

"तू शेवट आधीच सांगून मोकळा होतोस," भाऊ म्हणाला. "गिऱ्हाइकाला पावती देतोस तशी गोष्ट सांगतोस. वाटाणे लपव. ती बाई काय मारते ते आम्हाला शोधू दे. आणि पहाट कुठे आहे? थंडी कुठे आहे? पुन्हा सांग."

मॅनेजरने डोळे मिटले. सकाळी मशीन सुरू करण्याआधी तो असेच मिटत असे.

"पहाट आहे. थंडी मी म्हणतेय. गल्लीत कामगारांची घरं, सगळी झोपलेली. गिरणीचा भोंगा व्हायच्या आत उठलं नाही तर कामावरून काढतील. आणि घरात घड्याळ नाही. गल्लीतून एक बाई येते. तिच्या हातात एक लांब नळी. वरच्या मजल्याच्या खिडकीखाली थांबते. वर झोपलेल्या माणसाने तिला याच कामाचे पैसे दिलेत. ती खिशात हात घालते, मूठ काढते, नळीत काहीतरी भरते, गाल फुगवते..." तो थांबला. टेबलावरच्या वाडग्यात त्याने दोन बोटं घातली आणि एक दाणा उचलून दिव्याकडे धरला. "...आणि फुंकते. टक्! काचेवर. टक्! टक्! माणूस उठतो, खिडकीशी येऊन हात हलवतो. बाई पुढच्या खिडकीकडे. याच्या जोरावर अख्खी गिरणी वेळेवर सुरू व्हायची. वाटाण्यांवर."

कुणाचेच हात हलत नव्हते. मधली आपल्या तळव्यावरच्या दाण्यांकडे बघत होती. सुनेने शेंग खालीच ठेवली होती. मॅनेजरने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि शेवटी आईच्या हातांपाशी आणली. ते मांडीवर स्वस्थ पडले होते.

"थांबले," ताई म्हणाली. "माझे थांबले रे."

मॅनेजर उठून खाली छापखान्यात गेला. वर आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं होतं. "टाइल्सवाल्याला पुढच्या बाजूला तारखेखाली एक ओळ देतो," तो म्हणाला. "कुरकुर करेल, पण घेईल. मागची बाजू मोकळी." मग मामाकडे न बघता म्हणाला, "निवडायचं कुणी ते तुम्ही ठरवा."

भाऊ उठला आणि पहिल्यांदाच भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेला. आजचं पान सकाळीच समोर आलेलं होतं. त्याने अंगठ्याने त्याचा कोपरा उचलला, खालचं पान दिसेल इतपत.

"अं-हं!" मधली ओरडली. "उद्याचं उद्या. विसरलास? यासाठी तू नानांचा मार खाल्लायस."

भाऊने हात मागे घेतला. पिशवी उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि परत येऊन खुर्चीत बसला. या वेळी पाठ टेकून.

"उद्याचं पान बघूनच जाईन," तो म्हणाला.

*

सकाळी ताई चहा घेऊन आली तेव्हा तो भिंतीपाशी उभा होता. पान फाटल्याचा तो ओळखीचा, कोरडा आवाज तिने ऐकला. इतकी वर्षं तो आवाज तिचा स्वतःचाच असायचा. दुसऱ्या कुणाच्या हातून ऐकताना तिला किती बरं वाटलं.

"वाच," ती म्हणाली.

भाऊने पान उलटं केलं आणि वाचलं. कुठल्याशा जुन्या शहरात एका पुलाची लांबी मोजताना दोन अधिकाऱ्यांची दोन मापं आली आणि शेवटी सरासरी काढली गेली, अशी काहीतरी गंमत होती. वाचून झाल्यावर तो पानाकडे बघतच राहिला.

"ताई, यावर कुणाचे हात थांबले होते गं?"

"कुणाचेच नाहीत," ताई म्हणाली. "पान भरायचं होतं. माणसं कमी पडत होती."

भाऊने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. टेबलावर कालच्या सालींच्या बाजूला मॅनेजरची पेन्सिल पडली होती, ती घेऊन त्याने त्या पानावर आडवी रेघ मारली.

"पुढच्या वर्षी असलं काही चालायचं नाही," तो म्हणाला.

ताईने चहाचा कप जपून टेबलावर ठेवला. तो सांडू नये, एवढंच तिला त्या क्षणी सुचलं. मग तिने नानांची खुर्ची चाचपली आणि त्याच्याकडे सरकवली.